आधी बारगीर, मग शिलेदार

‘एकांडा शिलेदार’ हा शब्द आपण अगदी सहज वापरतो. पक्षात एकटाच तत्त्वासाठी भांडणारा कार्यकर्ता, गावात एकट्याने झाडं लावणारे मास्तर, कुणाचं पाठबळ नसताना पुस्तकं छापणारा प्रकाशक, हे सगळे आपल्या लेखी एकांडे शिलेदार. शब्दातला घोडा मात्र कधीच निसटून गेलाय. मूळ अर्थ साधा होता: जो स्वतःचा घोडा घेऊन, कुणा सरदाराच्या पथकात न शिरता, एकटा चाकरीला येतो तो. म्हणजे या शब्दात शौर्याच्या आधी मालकी आहे. घोडा कुणाचा, हा प्रश्न आहे.

इतिहासाची पुस्तकं आपल्याला किती घोडदळ होतं, कुठे चालून गेलं, कोण जिंकलं हे सांगतात. मला मात्र बरीच वर्षं एक वेगळाच प्रश्न पडत आलाय. त्या हजारो स्वारांपैकी बहुतेक जण शेतकऱ्यांची आणि मेंढपाळांची पोरं होती. खरिपाचं पीक निघालं की दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं, पावसाळा लागायच्या आत घरी परतायचं, असं आयुष्य. त्यांच्याकडे घोडा आला कुठून? आणि आला तो टिकला कसा?

हा प्रश्न आज विचारावासा वाटतो, कारण मोबाईलवर घोड्यांचे व्हिडिओ बघून ‘एक दिवस आपलाही घोडा असेल’ असं म्हणणारी कितीतरी मुलंमुली भेटतात. कुणी पहिल्या नोकरीत आहे, कुणाच्या घरी दीड एकर कोरडवाहू आहे, कुणी शहरात तीन जणांत खोली घेऊन राहतंय. मग कुणीतरी ज्येष्ठ म्हणतं, ‘अरे, अंथरूण पाहून पाय पसरावेत.’ म्हण काही खोटी नाही. पण आपल्याच इतिहासात लहान अंथरुणावर झोपणाऱ्यांनी घोडे पाळले, हेही खरं आहे. कसे पाळले, ते बघण्यासारखं आहे.

दोन शब्द, दोन आयुष्यं

मराठी घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते. शिलेदार आणि बारगीर.

शिलेदार हा शब्द फारसी ‘सिलाहदार’वरून आला. सिलाह म्हणजे हत्यार. घोडा त्याचा, हत्यार त्याचं, खोगीरही त्याचंच. सरकारकडून त्याला ठरलेली रक्कम मिळायची आणि तेवढ्यात स्वतःचं नि घोड्याचं पोट भरायचं.

बारगिराकडे यातलं काही नसायचं. घोडा सरकारचा किंवा सरदाराचा. तो राहायचा पागेत, त्याची चंदी म्हणजे रोजचा दाणा यायचा सरकारी कोठीतून. बारगिराने आणायचं ते फक्त स्वतःचं शरीर, मांडीतली ताकद आणि घोड्याजवळ न घाबरता उभं राहण्याची सवय.

आपल्या मनात शिलेदार मोठा आणि बारगीर लहान असतो. आजही ‘बारगीर’ म्हटलं की दुसऱ्याच्या जिवावर मिरवणारा, असं काहीसं वाटतं. पण शिवाजी महाराजांचा कल नेमका उलटा होता. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९०च्या दशकात जिंजीत बसून बखर लिहिली. तिच्यात पागा बळकट ठेवण्यावर आणि शिलेदारांना पागेच्या नजरेखाली ठेवण्यावर भर आहे. कारण उघड आहे. ज्याचा घोडा त्याचा, तो उद्या रुसून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. पागेतल्या घोड्यावरचा माणूस असा जाऊ शकत नाही. तरीही शिलेदार नकोतच असं कधी झालं नाही. सभासद पागेचा आकडा ४५ हजार आणि शिलेदारांचा ६० हजार देतो. बखरीतला आकडा थोडा सैल हातानेच घ्यावा, पण स्वतःचे घोडे घेऊन येणारे लोक भरपूर होते, एवढं त्यातून नक्की कळतं.

विकत घेणं सोपं असतं

घोडा परवडत नाही म्हणजे नेमकं काय परवडत नाही? आपल्या डोळ्यांसमोर लगेच किंमत येते. इतिहास मात्र वारंवार दाखवतो की किंमत ही अडचणीची फक्त सुरुवात असते.

तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलो तमिळ किनाऱ्यावर आला. तिथले पांड्य राजे अरबस्तान आणि इराणच्या आखातातून दरवर्षी हजारोंनी घोडे मागवत होते, एकेका घोड्याला भरमसाट सोनं मोजत होते, आणि वर्ष संपेपर्यंत त्यातले बहुतेक मरत होते, असं त्याने लिहून ठेवलंय. कारणंही दिली आहेत. घोड्यांना शिजवलेलं अन्न घालत, त्यांची निगा ठेवणारे जाणकार तिथे नव्हते. शिवाय आपला धंदा चालू राहावा म्हणून व्यापारी नालबंदांना तिकडे जाऊच देत नसत, असंही तो सांगतो. घोडा मेला की पुढच्या वर्षी नवा विकता येतो.

पुढे १५१०मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतल्यावर होर्मुझहून येणाऱ्या घोड्यांवरची जकात हे तिथल्या उत्पन्नाचं मोठं साधन झालं. गिऱ्हाइकं होती विजयनगर आणि विजापूर. दख्खनमधलं सामर्थ्य बऱ्याच अंशी समुद्रातून उतरणाऱ्या या जनावरांवर टेकलेलं होतं. ही राजांची गोष्ट झाली. भीमेच्या काठावरच्या कुणब्याला होर्मुझचा घोडा बघायला मिळाला तरी खूप.

त्याच्याकडे होतं तट्टू. भीमा, नीरा, माण या नद्यांच्या खोऱ्यांत वाढलेलं बुटकं, काटक, कोरड्या कडब्यावर निभावणारं आणि दगडगोट्यांत न अडखळणारं. थडी म्हणजे नदीचा काठ, म्हणून हे भीमथडी. अरबी घोड्याशेजारी ते खेळण्यासारखं दिसे. पण सह्याद्रीच्या घाटात, अर्ध्या दाण्यावर, दिवसाला लांबचा पल्ला मारायचा असेल तर अरबीपेक्षा त्याचंच काम. मराठ्यांच्या झपाट्याचं श्रेय आपण गनिमी काव्याला देतो. त्यातला थोडा वाटा या तट्टाच्या पोटालाही द्यायला हवा, कारण ते कमी खात होतं. गरिबाचा घोडा दिसायला डावा असेल, पण तो त्याच्या जमिनीला, पावसाला आणि खिशाला साजेसा होता.

पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद

सभासदाच्या बखरीत पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. शाळेत आपण ही उतरंड पाठ केलेली असते. तिच्यातली दुसरी ओळ मात्र सुटून जाते: दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी वाहणारा एक आणि खुरांना नाल ठोकणारा एक.

या एका ओळीत घोडा पाळण्याचं सगळं अर्थशास्त्र आहे. घोडा दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. त्याचे खूर आपल्या नखांसारखे सतत वाढतात, दर सहा ते आठ आठवड्यांनी तासावे लागतात, नाल असेल तर पुन्हा बसवावे लागतात. एका घोड्यासाठी स्वतंत्र नालबंद कुणालाच परवडत नाही. पंचविसांत एक परवडतो.

चाऱ्याचंही तसंच. घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडा चारा लागतो. तीनशे किलोच्या तट्टाला दिवसाला सहा किलो, म्हणजे वर्षाला जवळजवळ सव्वादोन टन. बरं, घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. काम नसलेल्या दिवशीही खातो, तुम्ही आजारी असलात तरी खातो. ‘घोडा आपल्या गुणाने दाणा खातो’ अशी म्हण आहे, पण सुट्टीच्या दिवशी तो तुमच्या पगाराने खातो.

शिवाजी महाराजांचं १६७०च्या दशकातलं एक पत्र प्रसिद्ध आहे. चिपळूणजवळ छावणीला असलेल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना ते लिहिलेलं. शेतकऱ्याच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, या अर्थाने ते पत्र आपल्याला माहीत असतं, आणि ते बरोबरच आहे. पण ते पूर्ण वाचलं की लक्षात येतं, हे पत्र घोड्यांच्या चाऱ्याबद्दल आहे. पावसाळाभर पुरेल एवढा दाणा आणि गवत साठवलंय. ते आत्ताच हात सैल सोडून उधळलंत तर भर पावसात संपेल, घोडी उपाशी मरतील, आणि मग ती तुम्हीच मारली असं होईल. वैरण संपली की तुम्ही कुणब्याच्या दारात जाल, आणि त्याला मोगल बरा वाटू लागेल. पुढे तर तपशील आणखी बारीक होतो. कुणी गवताजवळ चूल पेटवेल, कुणी तंबाखू ओढेल, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात पळवेल आणि गंजीला आग लागेल.

राज्य चालवणारा माणूस उंदराने पळवलेल्या वातीची काळजी करतोय. घोड्याचं स्वप्न टिकतं ते असल्या काळजीवर.

एका पोटशूळाचं अंतर

आता शिलेदाराकडे वळू. त्याच्यामागे सरकारी कोठी नव्हती. घोडा हीच त्याची शेती, तेच त्याचं दुकान आणि तीच त्याची पत. घोडा आहे तोवर तो शिलेदार. घोडा गेला की दुसऱ्या दिवशी तो बारगीर होणार, नाहीतर पायी घरी जाणार.

आणि घोडा जायला लढाईच लागते असं नाही. घोड्याला उलटी करता येत नाही. एकदा पोटात गेलेलं चुकीचं खाणं त्याच मार्गाने बाहेर येत नाही. बुरशी आलेला चारा, एकदम बदललेला दाणा, दमून आल्याबरोबर घातलेलं भरमसाट खाणं, यातल्या कशानेही पोटशूळ उठतो आणि कधी कधी एका रात्रीत जनावर जातं. शिलेदार आणि बारगीर यांच्यातलं अंतर एका पोटशूळाइतकं होतं.

मुघल सैन्यावर लिहिणाऱ्या विल्यम आयर्विन या इतिहासकाराने याचा एक परिणाम नोंदवलाय. स्वतःच्या घोड्यावरचा स्वार लढाईत बेताने पुढे जाई, कारण घोडा मेला तर तो कंगाल होणार असे. आपण त्याला भित्रा म्हणू. कर्ज काढून घेतलेल्या रिक्षाचा चालक दंगलीच्या रस्त्यावर गाडी घालत नाही, त्याला आपण भित्रा म्हणतो का?

लबाडीही होतीच. हजेरीच्या दिवशी चांगला घोडा उसना आणून दाखवायचा, पगार लिहून घ्यायचा आणि मोहिमेला मरतुकडं तट्टू न्यायचं, ही युक्ती इतकी जुनी की अलाउद्दीन खिलजीने तिच्यावर उपाय म्हणून घोड्यांना डाग द्यायची पद्धत काढली आणि पुढे अकबराने ती पुन्हा लागू केली. या लबाडीकडे बघताना मला हसू येतं आणि थोडं वाईटही वाटतं. घोडा नसताना तो असल्याचं दाखवावं लागणाऱ्या माणसाचीही काहीतरी अडचण असणारच.

मामाच्या पथकातला भाचा

या दोन शब्दांच्या मधली वाट कशी होती, ते एका माणसाच्या आयुष्यात स्पष्ट दिसतं.

१६९३मध्ये नीरेकाठच्या होळ गावात एका धनगराच्या घरी मुलगा जन्मला. वडील लवकर वारले. आई त्याला घेऊन खानदेशात तळोद्याला भावाकडे गेली. मामा भोजराज बारगळ हे सरदार कदम बांडे यांच्या चाकरीत छोटं घोडेस्वारांचं पथक बाळगून होते. भाच्याने आधी मेंढरं राखली, मग मामाच्या पथकात स्वार झाला. हा मुलगा म्हणजे मल्हारराव होळकर. १७२०च्या दशकात तो बाजीराव पेशव्यांच्या चाकरीत आला, त्याच दशकात पाचशे स्वारांचा म्होरक्या झाला आणि पुढे माळव्याचा सुभेदार. १७६६मध्ये वारला तेव्हा त्याच्यामागे इंदूरचं राज्य होतं.

ही गोष्ट आपण ‘मेंढपाळाचा राजा झाला’ अशी सांगतो. त्यात मधलं सगळं गळून जातं, आणि शिकण्यासारखं तर मधलंच आहे. त्याने आधी घोडा मिळवला आणि मग तो स्वार झाला, असं घडलेलं नाही. घोडे आधीच असलेल्या घरात तो वाढला. मेंढरं राखताना जनावर ओळखायला शिकला होताच. मामाच्या पथकात घोडा कसा खातो, कधी थकतो, कशाने बुजतो हे त्याने दुसऱ्याच्या खर्चाने शिकून घेतलं. मालकी खूप नंतर आली.

सगळ्यांना मामा नसतो, हे मान्य. मल्हाररावाच्या पिढीत त्याच्यासारखे शेकडो पोरगे पथकांत शिरले असतील आणि त्यातले बहुतेक आयुष्यभर बारगीरच राहिले असतील. पण त्यांनीही घोडे जगवले, घोड्यांवर बसून नर्मदा ओलांडली. मालकी मिळाली नाही म्हणून त्यांचं घोड्यांबरोबरचं आयुष्य खोटं ठरत नाही.

चंदा

पेशवाई १८१८मध्ये संपली, पण शिलेदार हा शब्द संपला नाही. इंग्रजांनी तो उचलला. त्यांच्या अनियमित घोडदळात ‘सिलादार पद्धत’ आली आणि ती शंभर वर्षं चालली. १८१७मध्ये उभं राहिलेलं पूना हॉर्स हेही पुढे याच पद्धतीचं रिसाला होतं.

पद्धत अशी: भरती होणाऱ्याने घोडा आणायचा किंवा घोड्याची रक्कम रेजिमेंटमध्ये भरायची. तिला ‘असामी’ म्हणत. नोकरी सुटताना ती परत मिळे. पगार जास्त, पण घोड्याचा खर्च त्यातूनच. ज्याच्याकडे भरायला पैसे नसत तो दुसऱ्याच्या असामीवर, दुसऱ्याच्या घोड्यावर स्वार होई. त्याला काय म्हणत? बारगीर. स्वतःच्या घोड्यावरच्या स्वाराला ‘खुदअस्पा’ म्हणत, फारसीत अस्प म्हणजे घोडा. राज्य बदललं, गणवेश बदलले, जोडी तीच राहिली.

या पद्धतीतल्या दोन गोष्टी मला फार आवडतात. पहिली म्हणजे दोन स्वारांत मिळून गवत कापणारा एक माणूस आणि एक ओझ्याचं तट्टू. दुसरी, चंदा फंड. प्रत्येक स्वाराच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापून एका सामायिक निधीत जाई आणि कुणाचा घोडा मेला की त्यातून नवा घ्यायला मदत होई. विमा हा शब्दही ज्यांनी ऐकला नसेल त्या खेड्यातल्या पोरांनी एकमेकांच्या घोड्याच्या मरणाची जबाबदारी वाटून घेतली होती.

शिलेदार एकांडा असता तर तो एका पोटशूळात संपला असता. तो टिकला तो चंद्यामुळे, अर्ध्या-अर्ध्या गवतकाप्यामुळे, पंचविसांतल्या एका नालबंदामुळे. आपण शब्द वापरतो एकांडा, पण एकट्याने घोडा पाळणारा गरीब माणूस मला इतिहासात कुठेही सापडला नाही.

पहिल्या महायुद्धात ही पद्धत मोडून पडली. १९१४मध्ये रिसाले फ्रान्सला गेले. तिथे इतके घोडे मरत होते की कुठलाच चंदा पुरेना. युद्धानंतर सिलादार पद्धत बंद झाली आणि घोडे सरकारी झाले. म्हणजे शेवटी सगळेच बारगीर झाले.

तुमचा घोडा

घोडा मात्र गावातून गेला नाही. बारामती, माण, फलटण भागातल्या धनगरांचे वाडे अजून पावसाळ्यानंतर कोकणाकडे किंवा दुसऱ्या मुलखात निघतात, तेव्हा बिऱ्हाड तट्टाच्या पाठीवरच असतं. भांडीकुंडी, खाट, कधी नुकतं जन्मलेलं कोकरू, कोंबड्यांची टोपली. त्याच भीमथडी घोड्याला आता राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे. शतकानुशतकं तो सांभाळला तो कुठल्या राजाने नव्हे, तर भटक्या माणसांनी.

मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या सुमारास, तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. मल्हारराव जिथे वाढला ते तळोदा त्याच नंदुरबार जिल्ह्यातलं. मारवाड, काठियावाड, पंजाबचे उंचेपुरे घोडे तिथे येतात आणि त्यांच्या किमतीच्या बातम्या होतात. व्हिडिओ बघून निघालेला मुलगा तिथेच फसायची शक्यता जास्त. तिथे जरूर जा. पहिल्या वर्षी पैसे घरी ठेवून जा. घोड्यांपेक्षा घोड्यांबरोबर आलेली माणसं बघा. पहाटे पाणी कोण दाखवतं, खरारा कोण करतं, खूर उचलून कोण बघतं, ते बघा.

माझा स्वतःचा घोडा नाही. बरीच वर्षं मी सुट्टीच्या दिवशी एका ओळखीच्या तबेल्यात जाते, लीद काढते, पाणी भरते, खरारा करते. त्या बदल्यात अर्धा-पाऊण तास बसायला मिळतं. सुरुवातीला मैत्रिणी हसायच्या. मी त्यांना सांगायचे, मी बारगीर आहे. शब्द माहीत नसल्याने त्यांना ते मोठ्या हुद्द्याचं नाव वाटायचं. मीही ते दुरुस्त केलं नाही, कारण मला ते तसंच वाटतं.

म्हणून ज्याला किंवा जिला घोडा हवा आहे, तिला मी ‘नको’ म्हणणार नाही. सभासदाची यादी समोर ठेवून चार प्रश्न मात्र विचारेन. तुमचा नालबंद कोण? तुमच्या तालुक्यात खूर तासणारा माणूस आहे का, तो दर दोन महिन्यांनी येईल का? तुमचा पखालजी कोण? तुम्ही तापाने पडलात तर सकाळी पाणी कोण दाखवेल? पावसाळ्याची वैरण कुठे साठवणार, ती कोरडी राहील का? आणि तुमचा चंदा कुठे आहे? घोडा आजारी पडला तर हाताशी असलेली रक्कम, किंवा तुमच्यासारखे आणखी तीन-चार जण?

या चारांची उत्तरं नसतील तर घोडा घेऊ नका. घेतलात तर त्याची किंमत घोडा मोजेल. गावाच्या वेशीवर उपाशी, पाय सुजलेली, हाडं निघालेली घोडी तुम्ही पाहिली असतील. ती कुणाच्या तरी हौसेचीच असतात. वरातीत नाचवून झाली, व्हिडिओ काढून झाले, कडब्याचा भाव वाढला आणि दावं सुटलं.

उत्तरं नाहीत म्हणून स्वप्न मात्र टाकू नका. बारगीर व्हा. जवळच्या रायडिंग क्लबमध्ये फी भरून शिकणं जमत नसेल तर तबेल्यात काम मागा. पशुवैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली एनसीसीची रिमाउंट अँड व्हेटर्नरी पथकं आहेत, तिथे विद्यार्थ्यांना घोड्यावर बसायला आणि घोडा सांभाळायला शिकवतात. तुमच्या भागात धनगरांचा वाडा उतरत असेल तर तिथे जाऊन बसा. तट्टाबद्दल त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईला जे कळतं ते कुठल्याही व्हिडिओत सापडणार नाही. वर्षभर पावसात, थंडीत, परीक्षेच्या आठवड्यात, पगार झाला नसताना, दुसऱ्याच्या घोड्याची लीद काढा. वर्षाअखेरीस हौस टिकली तर ती हौस उरलेली नसते, ती कुवत झालेली असते.

मग तिघं-चौघं मिळून एक तट्टू घ्या. मारवाडी नको, तुमच्या रानात वाढलेलं, तुमच्या कडब्यावर जगणारं घ्या. अगदी शिंगरू घेऊ नका. तीन-चार वर्षं त्यावर बसता येणार नाही आणि त्याला शिकवायला चाबूकस्वाराचा हात लागतो, नवख्याचा नाही. म्हातारं, शहाणं, माणसाळलेलं घ्या. ते तुम्हाला शिकवेल. घोडा कळपातलं जनावर आहे, एकटा ठेवला की झुरतो, म्हणून जिथे आधीच एखादं जनावर आहे तिथे ठेवा. खर्चाची वही ठेवा, आणि दरमहा थोडे पैसे अशा डब्यात टाका ज्याला घोडा आजारी पडल्याशिवाय कुणी हात लावणार नाही. डब्यावर ‘चंदा’ असं लिहा.

मराठीत एक जुनं कोडं आहे: भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? तिन्हींचं उत्तर एकच, फिरवलं नाही म्हणून. घोड्याला रोज फिरवावंच लागतं, मालक असो वा नसो. सकाळी सहा वाजता तबेल्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला घोडा ओळखतो तो घामाच्या वासावरून आणि हाताच्या सवयीवरून. सातबारा कुणाच्या नावावर आहे, हे त्याला कधीच कळत नाही.